नऊ हजार खटके

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे कात्रीबाई. दुसरं नाव तिलाही ठाऊक होतं आणि सुरुवातीची काही वर्षं तिला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा. आठ वर्षांपूर्वी ती ऑपरेशन्स हेड म्हणून आली तेव्हापासून जे हाती लागेल ते तिनं कापलं होतं. साठा कापला, पुरवठादार कापले, या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारे कागद कापले. गोदाम तर मुळासकट. तीन महिन्यांचा माल भरून ठेवलेली ती लांबलचक खोली रिकामी करून तिथं काचेची मीटिंग रूम झाली, आणि त्या गोदामाचा कारभार एकतीस वर्षं सांभाळणारा माणूस वेळेआधी निवृत्त झाला. तो माणूस तिचा बाप होता.

कारखाना दवाखान्यातल्या खाटा बनवायचा. पाठीकडचा भाग वर उचलता येतो, गुडघ्यांखालचा वाकवता येतो, अशा खाटा. उचललेला भाग त्याच उंचीवर अडकून राहावा म्हणून प्रत्येक खाटेला चार पोलादी खटके लागत. तळहाताएवढा तुकडा, एका बाजूला दाते. किंमत म्हणाल तर रस्त्यावरच्या दोन कप चहाची. पण तो नसेल तर पेशंट उशाला टेकायला जायचा आणि धाडकन आडवा व्हायचा.

त्या सोमवारी सकाळी ती जुळणीच्या लाइनजवळ उभी होती आणि दर दोन मिनिटांनी फोनवर नकाशा उघडत होती. निळ्या समुद्रावर एक हिरवा बाण. त्या बाणाच्या पोटात कंटेनर आणि कंटेनरात बारा हजार खटके. बाण शनिवारपासून तसूभर हलला नव्हता. दूर कुठंतरी एका चिंचोळ्या सामुद्रधुनीवरून दोन देशांचं बिनसलं होतं आणि जहाजं तिच्या तोंडाशी रांगेत खोळंबली होती.

"बघून बघून पुढं जातं होय ते?" लाइनचा मुकादम म्हणाला. तो जुना माणूस, तिच्याशी असं बोलू शकणारा एकटाच.

"किती दिवसांचे खटके आहेत आपल्याकडे?"

"सहा. तुम्हीच म्हणता ना, सातवा दिवस म्हणजे चैन."

तेवढ्यात शिपिंग एजंटचा फोन आला. जहाज मागं वळलं होतं. आता ते लांबच्या वाटेनं, अख्ख्या खंडाला वळसा घालून येणार. सव्वीस दिवस जास्त.

तिनं लगेच परदेशातल्या पुरवठादाराला गाठलं. विमानानं पाठवा, पैसे देते. तिकडची बाई अगदी गोड आवाजात म्हणाली की पुढचे पाच आठवडे त्यांच्या सगळ्या मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकांसाठी बांधलेल्या आहेत, सगळ्यांनाच एकदम घाई झाली आहे. दुसरीकडे, तीन हजार खाटांची ऑर्डर पाच आठवड्यांत बंदरावर पोचायची होती. मागणारे परदेशी रुग्णालयवाले होते, त्यांची तीन नवी रुग्णालयं ठरल्या तारखेला उघडणार होती. खाटा नाही आल्या तर ते दुसऱ्या कंपनीकडे जाणार, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तिला कुणी सांगायला नको होतं. या एका गिऱ्हाइकावर दोनशे बारा माणसांची वर्षभराची पाळी चालत होती.

धाकटे मालक परदेशात प्रदर्शनाला गेले होते. फोनवर सगळं ऐकून ते म्हणाले, "काहीतरी कराच. तुम्ही कराल, मला खात्री आहे." ही खात्री तिला दगडासारखी लागली.

दिवसभर ती बसली नाही. चहा उभ्यानं घेतला. खटक्यांचे खोके स्वतः उघडून मोजले, मग पुन्हा मोजले, जणू दुसऱ्यांदा जास्त भरतील. तीन हजार वीस. लागणार होते बारा हजार. चार वाजता तिनं पर्स उचलली आणि घरी निघाली. आठ वर्षांत ती चारला घरी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आई गेल्यापासून घरी बाप-लेक दोघंच. बाबा स्टुलावर चढून फळीवरचे डबे पुसत होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती: काय, कधी भरलं, आणि कुठवर उतरलं की नवीन आणायचं. शेजारच्या बायका त्यावरून हसत, पण साखर संपली की याच घरात येत.

"नोकरी सोडलीस की नोकरीनं तुला?" बाबांनी स्टुलावरूनच विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. सांगताना ती ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत चालत होती. मग एकदम थांबली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं वय गेलं माझं. विचार."

"तुम्ही निघालात तेव्हा कुठं थोडे खटके बाजूला ठेवले होते का? एखादी पेटी? दोन पेट्या?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मला काय तू धनावर बसलेला नाग समजलीस? अगं, शेवटच्या दिवशी तूच समोर उभी राहून एकेक पेटी मोजून घेतलीस. उरलं ते भंगारात. मीच काट्यावर घातलं."

तिला ते आठवलं. त्यांनी चाव्यांचा जुडगा तिच्या टेबलावर ठेवला होता आणि पावती मागितली होती. तिनं दिलीही होती, सहीनिशी.

"खटके नाहीत माझ्याकडे," बाबा स्टुलावरून उतरत म्हणाले. "पण डाय कुठं आहे ते सांगतो."

"कसली डाय?"

"खटक्याची. ज्या साच्यात पत्रा दाबला की खटका पडतो, ती. आपल्या कंपनीची आहे. जो आपल्याला बावीस वर्षं खटके बनवून देत होता त्याच्याकडे ठेवलेली. त्याचं काम बंद केलंस तेव्हा पत्रात लिहिलं होतंस, डाय न्यायला गाडी पाठवू. गाडी काही गेली नाही. मी दोनदा आठवण केली होती."

पत्र तिला आठवलं. दोन ओळींचं होतं. परदेशातला भाव अकरा टक्क्यांनी कमी पडत होता, आणि अकरा टक्क्यांपुढं लिहिण्यासारखं तिच्याकडे फारसं काही नव्हतं.

"तो अजून धंद्यात आहे?"

"आहे. टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत."

"तुम्ही चला ना बरोबर. तुमचं ऐकेल तो."

"ऐकेल. म्हणूनच येणार नाही." बाबांनी हात पुसले. "अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तू अडली आहेस हे खरं, पण त्याला गाढव समजून जाऊ नकोस. आणि आधी फोन करू नकोस. फोनवर माणूस नाही म्हणायला मोकळा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीच्या टोकाला उभी राहिली. पत्र्याचं छप्पर, आत दोन प्रेस, एक बंद आणि एक दणदण चालणारी. प्रत्येक ठोक्याला दारातली जमीन पायाखाली हलत होती. ज्यांच्याकडे डाय होती ते डायवाले प्रेसवर होते, साठीच्या आसपासचे, कानात कापूस. खिडकीखालच्या टेबलावर त्यांची बायको डोळ्यांवर चष्मा चढवून पट्ट्यांची जाडी मापत होती. पूर्वी इथं सात माणसं होती. आता हे दोघं आणि एक कामगार. दुकानांच्या फळ्यांना लागणारे त्रिकोणी आधार बनवत होते.

डायवाल्यांनी प्रेस थांबवली. "गोदामवाल्यांची मुलगी ना तुम्ही?"

"हो."

"बरे आहेत का ते?"

"बरे आहेत." वाटेत तिनं तीन सुरुवाती तयार केल्या होत्या, त्यातली एकही आता चालणारी नव्हती. "काका, मला नऊ हजार खटके हवेत. दोन आठवड्यांत."

डायवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मापायचं थांबवलं नाही.

ते मागच्या मांडणीपाशी गेले आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक जड धूड दोन्ही हातांनी उचलून आणलं. मेणकापड उलगडलं. आत ग्रीस लावलेली डाय, गंजाचा ठिपका नाही.

"इतकी वर्षं सांभाळलीत?" ती म्हणाली.

"दुसऱ्याची वस्तू. कुणी न्यायला आलं नाही, मग काय करणार? दर सहा महिन्यांनी पुसतो." त्यांनी बोटांवर हिशेब केला. पत्रा, दाबणं, भट्टी, घासणं. फळ्यांचं काम थांबवलं आणि जुनी दोन माणसं परत बोलावली तर दिवसाला साडेसहाशे निघतील. "जमेल," ते म्हणाले.

"भाव तुम्ही सांगाल तो," ती घाईनं म्हणाली.

आता बायकोनं चष्मा काढला. "भाव जुनाच लावा. महागाईचं काय ते वर घाला, बस. पण एक अट आहे."

"बोला काकू."

"यापुढं तुम्हाला वर्षाला जेवढे खटके लागतील त्यातले एक तृतीयांश आमच्याकडून घ्यायचे. तीन वर्षं. कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, काम सुरू करायच्या आधी. ऐन पावसात उघडायची आणि ऊन पडलं की कोपऱ्यात उभी करायची अशी छत्री व्हायचं नाही आम्हाला. फळीवाल्याचं काम थांबवलं तर तो दुसरीकडे जाईल. मग तुमचं जहाज आलं की आम्ही कुठं जायचं?"

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण तीन वर्षांचं मालकांना विचारावं लागेल."

"ते दोन ओळींचं पत्र पाठवलंत तेव्हा विचारलं होतं?"

"नाही. तेव्हा मीच ठरवलं होतं."

"मग?" बायको म्हणाली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ती गल्लीत आली. टायरवाल्याच्या दुकानासमोर येरझाऱ्या घालत तिनं मालकांना फोन लावला. मागं प्रदर्शनाचा गलका ऐकू येत होता. अट ऐकून मालक म्हणाले, "हो म्हणून टाका. आत्ता काम होऊ द्या. पुढचं पुढं बघू."

"साहेब, म्हणजे खरंच द्यायचं ना?"

"अहो, हो म्हणा ना! नाक दाबलंय त्यांनी आपलं, तोंड उघडायला नको का?"

फोन बंद झाला. 'पुढचं पुढं बघू' म्हणजे काय, हे तिला कळत होतं. हे वाक्य तिनंही पुष्कळ पुरवठादारांवर वापरलं होतं. शिवाय कंपनीचा नियम होता की ऑपरेशन्स हेडनं एक वर्षापलीकडच्या खरेदीवर सही करायची नाही. नियम तिनंच लिहिला होता. दुपारी ती लेटरहेडवर करार टाइप करून घेऊन आली. 'तीन वर्षं' लिहिलेल्या ओळीखाली तिनं सही केली. डायवाल्यांच्या बायकोनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला.

"अहो, लावा आता डाय," ती नवऱ्याला म्हणाली.

पहिले दोनशे खटके गुरुवारी कारखान्यात आले आणि दोनशेच्या दोनशे नापास झाले. बसत होते, अडकतही होते, पण वजन टाकून खाट हलवली की सुटत. मुकादमानं साठ्यातला परदेशी खटका आणि गल्लीतला खटका शेजारी ठेवला तेव्हा उलगडा झाला. परदेशी पुरवठादारानं मधल्या वर्षांत दात थोडा गोल केला होता, आणि तो दात जिच्यात अडकतो ती खाटेची पट्टीही त्याच मापानं बदलली होती. डायवाल्यांची डाय जुना, टोकदार दात काढत होती.

ती धावत गल्लीत पोचली. डायवाल्यांनी खटका उजेडात फिरवून बघितला. "डायचा दात घासावा लागेल. केसाएवढा. जास्त घासला गेला तर डाय संपली, नवी करायला दीड महिना."

"दुसरा मार्ग?"

"नाही."

त्यांनी डाय सोडवली, शिकंज्यात धरली आणि बारीक दगडानं घासायला सुरुवात केली. चार-पाच हात मारायचे, पुसायचं, बायकोनं मापायचं, ती मान हलवायची, की पुन्हा चार-पाच हात. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. कारखान्यात त्या दिवशी साठवलेले खटके पुढच्या दिवसांवर पसरवता यावेत म्हणून लाइन बंद ठेवली होती आणि दोनशे बारा माणसं झाडलोट करत होती. ती डायवाल्यांच्या पाठीमागं दारापासून भट्टीपर्यंत जात होती आणि परत येत होती.

"मॅडम," डायवाले मान वर न करता म्हणाले, "एकतर बसा, नाहीतर बाहेर जा. दगड मी चालवतोय आणि जमीन तुम्ही झिजवताय."

ती बसली. तिच्या लक्षात आलं की सोमवारपासून ती पहिल्यांदाच नीट बसली होती. समोर काकू माप घेत होत्या. प्रत्येक माप त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटत आणि पाटीवर लिहीत. चार वाजून दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "बास. आता हात लावू नका." डायवाल्यांनी दगड खाली ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. शुक्रवारी आलेल्या तीनशे खटक्यांतला एकही सुटला नाही.

त्यानंतर गाडं रुळावर आलं. रोज संध्याकाळी टेम्पोतून खोकी येत आणि दुसऱ्या दिवशी खाटांना लागत. पण तिला चैन पडत नव्हती. करार झाला तेव्हापासून मालकांनी त्याचं नाव काढलं नव्हतं, आणि तिनंही. दिवसाकाठी एकदा तरी तिला वाटे की आज विचारून टाकावं. आणि दिवसाकाठी एकदा तरी वाटे की मालकांनी विसरूनच जावं.

सातव्या दिवशी रुग्णालयवाल्यांच्या खरेदी अधिकाऱ्याचा मेल आला. सामुद्रधुनी बंद झाल्यापासून तेही धास्तावले होते. सगळ्या पुरवठादारांना त्यांनी एक तक्ता पाठवला होता: तुमच्या वस्तूत लागणारा कुठला भाग एकाच ठिकाणाहून येतो, कुठला दोन ठिकाणांहून, आणि दुसऱ्या ठिकाणाशी करार किती मुदतीचा. पुढच्या वर्षीची ऑर्डर या उत्तरावर अवलंबून राहील, असंही खाली लिहिलं होतं. तिनं तक्ता भरायला घेतला. खाटेत शेहेचाळीस भाग बाहेरून यायचे. त्यातले बेचाळीस एकाच ठिकाणाहून येतात हे तिनं लिहिलं आणि पुन्हा मोजून बघितलं. त्यातल्या प्रत्येकाचा दुसरा पुरवठादार कापल्याबद्दल तिनं कधी ना कधी बक्षीस मिळवलं होतं. खटक्यांच्या ओळीत तिनं लिहिलं: दोन ठिकाणं. करार तीन वर्षांचा. नियमाप्रमाणे तक्ता तिच्याच सहीनं जायचा. तिनं पाठवला आणि एक प्रत मालकांना जोडली. मालक विमानात होते.

नवव्या दिवशी सामुद्रधुनी उघडली. दोन देशांनी कसलासा करार केला आणि जहाज, जे लांबच्या वाटेला लागण्याआधी इंधनासाठी जवळच्याच एका बंदरात अडकलं होतं, पुन्हा वळलं. चार दिवसांत बंदरात लागणार. कारखान्यात टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या. मग तिला मालकांचा निरोप आला.

काचेच्या खोलीत मालक एकटेच होते. मोठ्या मालकांचा हा मुलगा तिच्याच वयाचा, हुशार, आणि माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं आधी तिचं अभिनंदन केलं. "किती झाले गल्लीतले?"

"साडेचार हजार."

"पुरे. बाकीचे थांबवा. जहाजातले आलेच."

"आणि तीन वर्षांचं?"

"मॅडम, तो कागद तुमच्या अधिकाराबाहेरचा आहे. म्हणजे तो कागदच नाही. नियम तुमचाच."

"नियम माझाच. पण तुम्ही हो म्हणालात."

"गळ्याशी आलं होतं म्हणून म्हणालो! अकरा टक्के मॅडम, अकरा टक्के. तिकडे दुसरा खाटवाला आपल्यापेक्षा स्वस्त देतोय. तुम्हीच मला शिकवलंत ना हे?"

"शिकवलं. आणि त्या हिशेबात मी एक दिवसही लाइन बंद पडल्याचा धरला नव्हता. जग आज जसं आहे तसंच राहील असं धरून मांडला होता." ती उभीच होती, खुर्चीची पाठ धरून. "जहाज आलं साहेब, नशीब आपलं. पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी पुढचं बघू. आत्ता थांबवा."

"थांबवता येणार नाही. रुग्णालयवाल्यांना मी लिहून पाठवलंय की खटके दोन ठिकाणांहून येतात. प्रत तुम्हाला आहे."

मालकांनी फोन काढला, मेल शोधला, वाचला. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "मला विचारल्याशिवाय?"

"खोटं लिहायचं असतं तर विचारलं असतं."

हे बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली. मालकांनी मेल पुन्हा वरून खाली वाचला. रुग्णालयवाल्यांना आता 'चुकून लिहिलं' असं कळवणं म्हणजे पुढच्या ऑर्डरवर पाणी सोडणं, हे त्यांना तिच्याआधीच कळलं असणार. त्यांनी फोन खिशात टाकला.

"करार राहील," ते म्हणाले. "पण तुम्ही माझा हात पिरगळलात. तुमचा हेतू चांगला असेल, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. सोमवारपासून खरेदी तुमच्याकडे नाही. लाइन बघा."

"बरं," ती म्हणाली. मनात दोन-तीन उत्तरं आली होती, पण त्यांनी म्हटलं त्यात खोटं काही नव्हतं.

ती तडक गल्लीत गेली. करार राहिला एवढंच सांगायचं होतं, पण काकूंनी चेहरा बघून बाकीचंही काढून घेतलं. डायवाले प्रेस थांबवून ऐकत होते.

"म्हणजे आता तुम्हीच कापल्या गेलात," ते म्हणाले.

"थोडी."

काकूंनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. आज तरी घाईचं काम नाही ना?"

तीन हजार खाटा मुदतीच्या दोन दिवस आधी बंदरावर गेल्या. निम्म्यांना गल्लीतले खटके होते, निम्म्यांना जहाजातले, आणि मुकादमानं पैज लावली तरी कुणाला फरक ओळखता आला नाही. डायवाल्यांकडे जुनी दोन माणसं कायमची परत आली. कारखान्यात खरेदीला नवा माणूस आला, तिशीतला, तेज. पहिल्याच आठवड्यात त्यानं कुठं किती टक्के कापता येतील याची यादी केली. तिनं ती वाचली. यादी उत्तम होती. आठ वर्षांपूर्वी तिनं अगदी अशीच केली असती. तिनं त्याच्या टेबलावर रुग्णालयवाल्यांच्या तक्त्याची प्रत ठेवली आणि म्हणाली, "याच्याशी ताडून बघा." तो 'हो मॅडम' म्हणाला. ताडून बघेल की नाही, हे तिला कळलं नाही.

त्या रविवारी सकाळी ती घरी टेबलाशी बेचाळीस भागांची यादी घेऊन बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, आता ते तिचं कामही नव्हतं. पण झोपेतून उठल्याबरोबर चाकं, नळ्या, नट, रबरी बुडं डोळ्यांपुढं नाचत होती. बाबा समोर येऊन बसले.

"बाबा, मी गोदाम बंद केलं तेव्हा तुम्हाला राग आला होता?"

"आला होता की. महिनाभर."

"मग बोलला का नाहीत? आत्तासुद्धा बोलला नाहीत. मी वाट बघत होते, म्हणाल, सांगत होतो ना."

बाबांनी यादी आपल्याकडे ओढली, हात लांब करून वाचली. "कारण तुझंही बरोबर होतं. तीन महिन्यांचा माल ठेवायचो मी, त्यातला चौथा हिस्सा गंजून जायचा. भीती वाटायची म्हणून भरून ठेवायचो. कुणी विचारत नव्हतं म्हणून खपून गेलं. तू विचारलंस."

"मग किती दिवसांचा ठेवायचा? सहा दिवसांचा नाही, तीन महिन्यांचा नाही. किती?"

"चाकांचा वेगळा, रबराचा वेगळा. यंदाचा वेगळा, पुढच्या वर्षीचा आणखी वेगळा. एकदा ठरवून हात झटकायची सोय असती तर मला एकतीस वर्षं पगार कशाला दिला असता?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा चाकवाला. याच्याकडे कधी गेली आहेस?"

"नाही. मेलवरच."

"माणूस आहे की नुसता पत्ता आहे, तेही माहीत नाही?"

ती उठली. चपला घातल्या, यादीची घडी करून पर्समध्ये टाकली. चाकवाल्याचं शेड शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, रविवारी उघडं असेल की नाही कोण जाणे. जिना उतरून ती थांब्यावर आली. बसला वीस मिनिटं होती. पाच मिनिटं ती उभी राहिली, दोनदा घड्याळ बघितलं, आणि मग चालतच निघाली.